तपासणीला उत्तर म्हणून लिहिलेला इतिहास: केहिमकरांचं पुस्तक वाचताना

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्रायलांचा इतिहास १८९७ मध्ये इंग्रजीत लिहून पूर्ण केला. तो छापून आला १९३७ मध्ये, तेल अवीवला. तोवर लेखक हयात नव्हते. आपल्या मंडळात बेने इस्रायलांचा विषय निघाला की याच पुस्तकाचा हवाला दिला जातो. मीही तो अनेकदा दिला आहे. अलीकडे ते पुन्हा सावकाश वाचलं आणि एक गोष्ट खटकली, तीच इथे मांडतो.

आधी पुस्तकाचं मोठेपण. कोकणातल्या 'शनवार तेल्यां'चे सण, लग्नविधी, आडनावं, तेलाच्या घाण्यापासून पलटणीतल्या नोकरीपर्यंतचा प्रवास हे सगळं आतल्या माणसाने लिहिलं आहे. केहिमकर नुसते लेखक नव्हते. १८७५ मध्ये मुंबईत समाजासाठी शाळा सुरू करणाऱ्यांत ते प्रमुख होते. खिरीचा सण, नव्याचा सण या मराठी नावांमागे कोणते ज्यू सण आहेत हे ते नीट उलगडतात. हे सोपं काम नव्हतं.

आता खटकलेली गोष्ट. केहिमकर हा इतिहास धार्मिक पुनरुज्जीवनाच्या टप्प्यांनी सांगतात. पहिला टप्पा दाविद राहाबीचा. त्याने कोकणात येऊन या लोकांना ज्यू म्हणून ओळखलं आणि झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या तीन घराण्यांतले तरुण शिकवून तयार केले, अशी परंपरा आहे. हेच पुढचे 'काजी'. केहिमकर राहाबीला सुमारे नऊशे वर्षं मागे नेतात. इतर अभ्यासक त्याला अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्यात शोधतात. दुसरा टप्पा १८२६ नंतरचा, कोचीनहून आलेल्या शिक्षकांचा. त्याच काळात मिशनरी आले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. प्रत्येक टप्प्यात शिकवणारा बाहेरचा आणि शिकणारा कोकणातला.

पण या शिक्षकांनी नेमकं काय दिलं? प्रार्थना, हिब्रू वाचन, विधी. निर्णयाचा अधिकार मात्र त्यांच्याबरोबर आला नाही. रब्बी म्हणजे आपल्याकडचा पुजारी नव्हे. प्रार्थनेला रब्बी लागतच नाही. दहा पुरुष जमले आणि हजानने चालवली की झालं. रब्बी लागतो तो धर्मशास्त्रावर निकाल द्यायला: घटस्फोट रीतसर झाला का, विधवेचं लग्न ग्राह्य आहे का, अशा प्रश्नांवर. हे काम कोकणात काजी करत होता. तो लग्न लावायचा, तंटेही मिटवायचा. पुढे सिनेगॉग झाले, तिथे मुकादम, चौगुला, गबई, हजान अशी व्यवस्था बसली. ती चालली, चांगली चालली. पण दूरच्या कुठल्याही धर्मपीठाने तिला शिक्का दिला नाही.

मी तीस वर्षं पाटबंधाऱ्याच्या कामांवर काढली. काम साइटवरचा माणूस करतो, मंजुरीची सही दूरच्या कचेरीत होते. त्या कचेरीने साइट कधी पाहिलीच नाही, तरी वाद उठला की कागद तिच्याच हातात. केहिमकर वाचताना मला सतत हेच आठवत होतं.

आणि वाद उठलाच. १८३६ मध्ये मुंबईतल्या बगदादी ज्यूंनी दफनभूमीत मध्ये भिंत हवी म्हणून सरकारकडे अर्ज केला. प्रार्थनेच्या दहा जणांत बेने इस्रायलांना मोजायला त्यांच्यातले अनेकजण तयार नसत. केहिमकरांचं पुस्तक खरं तर या अपमानाला उत्तर आहे. म्हणून त्यांची सगळी शक्ती उगमावर खर्च होते: नवगावला फुटलेलं जहाज, वाचलेली सात जोडपी, आणि आपले पूर्वज इसवीसनापूर्वी १७५ च्या सुमारास निघाले हा तर्क. हनुक्का हा नंतरचा सण आपल्याकडे नव्हता, हा त्यांचा पुरावा हुशारीचा आहे.

पण पुढे प्रश्न तिथून आलाच नाही. इस्रायलमध्ये स्थलांतरित झालेल्यांच्या लग्नांना काही रब्बींनी नकार दिला. ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य रब्बी मंडळाने अशा लग्नांना बंदी करण्याचं कारण नाही असं ठरवलं. १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निसीम यांच्या सूचना आल्या: आईकडची वंशावळ शक्य तितकी मागे तपासा, पूर्वजांत कुणाचा घटस्फोट झाला का ते पाहा. म्हणजे संशय नवगावच्या जहाजावर नव्हता. तो होता रब्बीशिवाय झालेल्या घटस्फोटांवर, काजीच्या निर्णयांवर! १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल जेरुसलेमला धरणं धरून बसले. १७ ऑगस्टला संसदेने ते सर्व बाबतींत ज्यू आहेत असं जाहीर केलं आणि महिनाअखेरीला सूचनांमधून त्यांचं नाव काढलं गेलं. तपासणीचा नियम मात्र, ज्याच्याविषयी शंका असेल त्याच्यासाठी, राहिलाच.

केहिमकरांना १९६२ दिसायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण शुद्धतेचा दाखला देऊन मान मिळवायचा, ही तपासणी करणाऱ्याचीच पद्धत त्यांनी स्वीकारली. तिची किंमत घरातही मोजली गेली. समाजात 'गोरे' आणि 'काळे' इस्रायल असा भेद होता, आणि मिश्र संबंधांतली संतती मानलेल्या काळ्यांशी गोरे रोटी-बेटी व्यवहार टाळत. बगदाद्यांनी जे यांच्याशी केलं, तेच यांनी आपल्यातल्यांशी केलं. उगमाची फूटपट्टी एकदा हातात घेतली की ती खाली कुणाला तरी लागतेच.

दुसरी वाटही होती. १९२५ मध्ये डॉ. जेरुशा झिराड आणि इतरांनी मुंबईत उदारमतवादी ज्यू संघ उभा केला. त्याच्या रोदेफ शालोम सिनेगॉगला १९५७ ते १९६० ह्यूगो ग्रिन हे रब्बी लाभले. इथे समाजाने स्वतः पंथ निवडला आणि गुरू बोलावला. ऑर्थोडॉक्स धर्मपीठांपुढे त्याचं वजन नव्हतं हे खरं, पण पुढाकार इथला होता.

आपण हौशी इतिहासकार आजही नवगावच्या स्मारकाचे फोटो टाकतो आणि पूर्वज नक्की कधी आले यावर भांडतो. माझी विनंती एवढीच की अहमदाबादपासून अलिबागपर्यंत कुणाकडे जुने लग्नकरार, सिनेगॉगच्या सभांची मराठी इतिवृत्तं, काजीने मिटवलेल्या तंट्यांचे कागद असतील, तर आधी ते वाचूया. जहाज कधी फुटलं हे कदाचित कधीच कळणार नाही. पण रब्बी नसताना लोकांनी न्याय कसा केला, हे त्या कागदांत असणार.