मुरणं आणि साठवणं : लॅम्बिक बिअरच्या रसिकतेची चिकित्सा



मागच्या व्याख्यानात आपण अभिरुचीच्या प्रश्नापाशी थांबलो होतो. आज तोच प्रश्न एका बाटलीतून बघायचा आहे. विषय बिअरचा आहे, तेव्हा आधीच सांगतो, मी कुणाला प्यायला सांगायला उभा नाही. ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी उदाहरण म्हणून ऐकावं. बाकीच्यांनीही उदाहरण म्हणूनच ऐकावं, कारण सभागृहात दुसरी काही सोय नाही. (हशा)

बेल्जियममध्ये ब्रसेल्स शहर आणि त्याच्या नैर्ऋत्येचा पायोटनलँड नावाचा ग्रामीण टापू, झेन नदीच्या खोऱ्यातला, इथे लॅम्बिक नावाची बिअर होते. जगातल्या बहुतेक बिअरमध्ये निवडून जोपासलेलं यीस्ट घालतात. आपण दुधाला विरजण लावतो तसंच ते. लॅम्बिकला विरजण नाही. बार्लीचा माल्ट आणि साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त कच्चा गहू यांचा गोड काढा तासन्‌तास उकळतात. त्यात हॉप्स घालतात ते मुद्दाम जुने, कडवटपणा गेलेले. ते चवीसाठी नसतात, नको ते जंतू आवरण्यासाठी असतात. मग हा काढा छपराखालच्या रुंद, उथळ हौदात रात्रभर उघडा ठेवतात. थंडीच्या महिन्यांतच हे करता येतं. हवेतले, वास्तूतले यीस्ट आणि जिवाणू त्यात उतरतात. इडलीचं पीठ आपलं आपण आंबतं, तसं. सकाळी काढा लाकडी पिंपात जातो आणि तिथे एक, दोन, तीन वर्षं राहतो. त्यातलं एक महत्त्वाचं यीस्ट म्हणजे ब्रेटॅनोमायसिस. गंमत अशी की या नावाचा अर्थ 'ब्रिटिश बुरशी'. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत क्लाउसेन यांना ते इंग्लिश बिअरच्या अभ्यासात सापडलं, म्हणून.

पिंपातली बिअर आंबट, जवळजवळ फेस नसलेली असते. पुढचं काम मिश्रण करणाऱ्याचं. तो पिंपापिंपातून चाखत जातो आणि एक, दोन आणि तीन वर्षांची लॅम्बिक एकत्र करतो. कोवळीत साखर शिल्लक असते, तिच्यामुळे बाटलीत पुन्हा आंबण होऊन फेस येतो. जुनी खोली देते. या मिश्रणाचं नाव ग्यूझ. लॅम्बिकमध्ये आंबट चेरी मुरवल्या तर क्रीक, रासबेरी मुरवल्या तर फ्रांब्वाझ.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मिश्रण करणाऱ्याकडे सूत्र नसतं, कारण दोन पिंपं सारखी नसतात. त्याच्याकडे जीभ असते, आठवण असते आणि निर्णय असतो. तत्त्वज्ञानाच्या भाषेत याला अभिरुचिनिर्णय म्हणायला हरकत नाही.

कांट इथे मला अडवेल, हे मला माहीत आहे. १७९० च्या ग्रंथात त्याने सुखद आणि सुंदर यांत फरक केला, आणि सुखदाचं उदाहरण म्हणून कॅनरी बेटांची वाइनच घेतली. ती चांगली आहे असं म्हणणाऱ्याने 'मला' हा शब्द जोडावा, असं त्याचं म्हणणं. म्हणजे जिभेबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. ह्यूम त्याच्या आधी, १७५७ मध्ये, वेगळं बोलून गेला होता. 'डॉन किहोते'तली सांचोच्या नातलगांची गोष्ट त्याने आपल्या निबंधात घेतली. दोघं वाइन चाखतात. एक म्हणतो चांगली आहे, पण चामड्याची किंचित चव लागते. दुसरा म्हणतो लोखंडाची. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली निघते! म्हणजे जीभ चुकू शकते आणि बरोबरही असू शकते. आणि आपल्याकडे भरतमुनींनी रस समजावताना दृष्टान्त घेतला तोच मुळी जेवणाचा. तेव्हा या प्रश्नात मी कांटला सोडून भरत आणि ह्यूम यांच्या पंक्तीला बसतो.

ह्यूमच्या चांगल्या समीक्षकाला पाच गोष्टी लागतात : संवेदनेची सूक्ष्मता, सराव, तुलना, पूर्वग्रहापासून मुक्ती आणि विवेक. आता या कसोट्या लॅम्बिकच्या आजच्या शौकिनाला लावून बघू. खरेदी, साठवण आणि आस्वाद अशा तीन पायऱ्यांनी जाऊ.

खरेदीत पहिली गरज वाचनाची असते. लॅम्बिक या नावाखाली भरपूर साखर घातलेली गोड पेयंही विकली जातात. त्यात पाप काही नाही, पण ती वेगळी वस्तू आहे. १९९७ पासून युरोपीय नियमांत 'औडे ग्यूझ' आणि 'औडे क्रीक' या नावांना संरक्षण आहे. औडे म्हणजे जुनी. औडे ग्यूझमधल्या लॅम्बिकचं सरासरी वय किमान एक वर्ष आणि सर्वांत जुन्या भागाचं किमान तीन वर्षं असावं लागतं. लेबलवरचा हा एक शब्द शंभर शिफारशींपेक्षा उपयोगी आहे. बून, द्री फोंतेइनेन, तिल्कँ यांच्या बाटल्यांवर तो सापडेल. ब्रसेल्समधल्या अँडरलेख्त भागातली, १९०० साली सुरू झालेली कांतियों मात्र आपल्या ग्यूझवर 'शंभर टक्के लॅम्बिक' असं लिहिते.

पण शौकिनांच्या बोलण्यात हे कमी ऐकू येतं. ऐकू येतं ते काय? किती बाटल्या निघाल्या, कुणाला मिळाली, कितीला गेली. उत्पादकाच्या दारात माफक किमतीत मिळणारी बाटली बाहेर हातोहात कित्येक पटींनी विकली जाते. म्हणून उत्पादकांना माणशी अमुकच बाटल्या असं बंधन घालावं लागतं. दुर्मीळ आहे म्हणून चांगली, हा तर्कदोष आहे हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो. दुर्मिळता हा वस्तूचा गुण नाही, तो आपल्या आणि वस्तूच्या संख्येतला संबंध आहे. तो जिभेला लागत नाही.

पायोटनलँडमध्ये सिंट-आना-पेडे नावाच्या गावी एक छोटं चर्च आहे. ब्रॉइगेलच्या १५६८ च्या चित्रात ते मागे दिसतं. पुढे एकमेकांच्या खांद्याला धरून चाललेले आंधळे, आणि पहिला खड्ड्यात पडलेला. गुणांकनाच्या याद्या हातात घेऊन बाटल्या गोळा करणारे आम्ही लोक त्याच रस्त्याने जातो, असं मला ते चित्र बघताना वाटतं. 'आम्ही' म्हणालो, ते का, हे पुढे सांगतो.

पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लॅम्बिक संपत आली होती. गोड आणि स्वस्त पेयांपुढे एकेक घर बंद पडलं. फ्रांक बून यांनी सत्तरच्या दशकात लेंबेकची जुनी ग्यूझ-मिश्रणाची जागा घेतली तेव्हा तो शहाणपणाचा धंदा मानला जात नव्हता. मायकेल जॅक्सन यांनी, गायक नव्हेत, बिअरवर लिहिणारे इंग्रज लेखक, (हशा) १९७७ पासून आपल्या पुस्तकांतून जगाला या बिअरची ओळख करून दिली. परदेशी शौकीन आले आणि ही परंपरा टिकली. २००९ मध्ये द्री फोंतेइनेनच्या कोठारातला थर्मोस्टॅट बिघडला, उष्णता भयंकर वाढली, बाटल्या फुटल्या आणि हजारो बाटल्यांतली बिअर वाया गेली. आर्मांड देबेल्डर यांनी ती ओतून न देता ऊर्ध्वपातन करून तिचं मद्य केलं, आणि ते घर पुन्हा उभं राहिलं. शौकीन नसते तर हे सारं कशाच्या बळावर झालं असतं? तेव्हा माझी टीका कर्जदाराची टीका आहे.

आता साठवण. मराठीत दोन शब्द आहेत, मुरणं आणि साठणं. लोणचं मुरतं, धान्य साठतं. मुरण्यात वस्तू बदलते आणि त्या बदलाला एक टोक असतं : ताट. साठण्यात वस्तू तीच राहते, फक्त आकडा वाढतो. ग्यूझ खरोखर मुरते. काही उत्पादक बाटलीवर वीस वर्षं पुढची तारीख घालतात. थंड, अंधारी जागा हवी, तापमान सारखं हवं. बूच ओलं राहावं म्हणून अनेक जण बाटली आडवी ठेवतात आणि साका ढवळू नये म्हणून तशीच तिरकी टोपलीत घालून वाढतात. फळांच्या लॅम्बिकचं वेगळं. फळाचा ताजेपणा एक-दोन वर्षांत उतरू लागतो. ती ठेवण्यात फायदा थोडा आणि तोटा नक्की.

हे मला सांगितलं होतं. तरी मी ऐकलं नाही.

नव्वदच्या दशकात मी हुसर्लच्या हस्तलिखितांसाठी काही महिने लूव्हनला होतो. तिथले एक ज्येष्ठ सहकारी मला रविवारी सकाळी पायोटनलँडच्या एका खेड्यातल्या कॅफेत घेऊन जात. परत निघताना त्यांनी मला दोन बाटल्या दिल्या, एक ग्यूझ, एक क्रीक. क्रीक लवकर उघडा, ग्यूझला वेळ द्या, एवढं बजावलं. मी दोन्ही पुण्याला आणल्या आणि माळ्यावर ठेवल्या. पुण्यातला माळा एप्रिलमध्ये काय असतो, तुम्हाला ठाऊक आहे. तीन वर्षांनी ते एका परिसंवादासाठी पुण्याला आले, घरी जेवायला आले. मी मोठ्या अभिमानाने दोन्ही बाटल्या खाली काढल्या, त्यांना दाखवल्या, आणि 'अजून वेळ आहे' म्हणून परत वर ठेवल्या. ते हसले. काही बोलले नाहीत.

पुढे ते गेले. त्यानंतर कित्येक वर्षांनी मी आणि मुलाने त्या बाटल्या उघडल्या. क्रीकचा रंग विटकरी झाला होता, चेरी कुठेच नव्हती, वास ओल्या पुठ्ठ्याचा. ग्यूझही उष्म्याने गेलेली. पण चूक उष्म्याची नाही. त्या रात्री माझ्यासमोर तो माणूस होता आणि ती बाटली होती, आणि मी बाटली निवडली. मी मुरवत नव्हतो, साठवत होतो.

शेवटची पायरी आस्वादाची. इथे शौकिनांनी एक कोश तयार केला आहे : घोड्याचं खोगीर, तबेला, लिंबाची साल, ओलं गवत, जुनं लाकूड. शब्द उपयोगी आहेत, ब्रेटॅनोमायसिसचा वास खरोखर तबेल्याकडे जातो. सांचोच्या नातलगांनीही चामडं आणि लोखंड ओळखलं होतंच. पण ओळखणं म्हणजे आस्वाद नव्हे. आंबटपणा आणि गोलाई यांचा तोल आहे का, जुन्या भागाने कोवळ्याला दाबलं आहे का, घोट गिळल्यावर काय उरतं, हे प्रश्न मिश्रण करणाऱ्याने पिंपापाशी स्वतःला विचारलेले असतात. आपण तेच प्रश्न पुन्हा विचारतो तेव्हा आपण त्याचे सहृदय होतो. यासाठी सोपा उपाय आहे : लेबल झाकून, साधी ग्यूझ आणि दुर्मीळ ग्यूझ शेजारी ठेवून, चार जणांनी चाखावं. फार थंड करू नये, थंडीत वास मिटतात. आणि आधी मत सांगावं, मग लेबल बघावं. अनेकदा साधी बाटली जिंकते. ह्यूमची तुलना आणि पूर्वग्रहमुक्ती दोन्ही एका टेबलावर येतात.

तुमच्यातलं कुणी तिकडे गेलं तर परतीच्या सामानात दोन लिटरची मुभा असते, म्हणजे मोठ्या दोन बाटल्या आणि एक लहान. तेवढं पुरेसं आहे. आणताना कुणाबरोबर उघडायची ते ठरवून आणा, आणि तो माणूस घरी आला की उघडा. बिअर थोडी कोवळी लागेल. लागू दे.

प्रश्न असतील तर घेऊ या.