डॉक्टर नाडी बघतो तेव्हा

लास्लो नेमेत हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना अनोळखी असणार. हंगेरीतल्या विसाव्या शतकातल्या समीक्षेची गोष्ट मात्र त्याला वगळून सांगता येत नाही. जन्म १९०१चा. विद्यापीठात साहित्य शिकायला गेला आणि लवकरच वैद्यकशाखेत शिरला. काही काळ लोकांचे दात तपासले, मग बुडापेस्टमध्ये बरीच वर्षं शाळेचा डॉक्टर म्हणून काम केलं. १९२५मध्ये ‘न्युगात’ मासिकाच्या कथास्पर्धेत तो पहिला आला. १९३२मध्ये त्याने ‘तानू’ म्हणजे ‘साक्षीदार’ हे नियतकालिक काढलं, आणि ते तो एकटाच लिहायचा!

डॉक्टरकी त्याच्या लेखनात कुठे दिसते? सगळ्यात छान दिसते ती १९४७च्या ‘इसोन्य’ या कादंबरीत. या शब्दाचा अर्थ शिसारी. नेल्लीला नवऱ्याचा स्पर्श सहन होत नाही. लेखक तिला आजारी ठरवत नाही आणि दोषीही ठरवत नाही. तो तिलाच बोलू देतो. पूर्ण कादंबरी तिच्याच तोंडून येते, अगदी नवऱ्याच्या मृत्यूपर्यंत. चांगला डॉक्टर आधी ऐकतो, तसंच हे.

पण त्याआधी, १९३९मध्ये, याच माणसाने ‘अल्पमतात’ अशा अर्थाच्या नावाचा एक दीर्घ निबंध लिहिला होता. तिथे रुग्ण म्हणजे अख्खं हंगेरियन साहित्य. निदान काय, तर ‘खोल’ हंगेरियन मागे पडले आणि ‘पातळ’ हंगेरियन पुढे आले. लेखकांची अशी विभागणी तो करत होता तेव्हा देशात ज्यूंविरोधी कायदे होत होते. तो जर्मन वर्चस्वाच्याही विरोधात होता, असं त्याचे चाहते सांगतात. ते खरं आहे. तरीही कोण किती अस्सल हे मोजणारी भाषा अशा काळात नुसत्या पुस्तकात राहत नाही. या निबंधात रुग्णाला बोलायची सोयच नाही.

पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला, स्वतःचं लेखन छापून येणं अवघड झालं तेव्हा, त्याने ‘ॲना कॅरेनिना’चा अनुवाद केला. पुढे स्वतःला उच्च रक्तदाब जडला, तर त्यावरही त्याने पत्रांच्या रूपात लिहिलं. इथे डॉक्टर आणि रुग्ण एकच होते, म्हणून ऐकणं भागच होतं.

नेमेत वाचावा तो या दोन्ही बाजूंसाठी. नेल्लीसमोर बसलेला डॉक्टर समीक्षेला हवाच आहे. देशाची नाडी धरून कुणाचं रक्त पातळ हे सांगणारा डॉक्टर मात्र कितीही विद्वान असला, तरी त्याच्या हातातून आपली नाडी सोडवून घ्यावी.