वाचनाची यादी कोणाची?

शाळेला सुटी लागली की मुलांनी वाचावयाच्या पुस्तकांच्या याद्या सर्वत्र दिसू लागतात. त्या सद्हेतूनेच केलेल्या असतात. तथापि त्यांत एक मूलभूत उणीव आढळते. निवड वडीलधाऱ्यांची असते, वाचावयाचे मात्र मुलांनी असते. दृढीकरणाच्या वर्गासाठी मीही एकदा अशी यादी केली होती. मुलांनी प्रत्येक पुस्तकापुढे इमानाने खूण केली. पण कोणते पुस्तक मनात राहिले, असे विचारताच सारा वर्ग गप्प झाला. वाचन प्रायश्चित्तासारखे उरकले गेले होते, आणि तो दोष मुलांचा नव्हता.

ग्रंथांच्या याद्यांचा ख्रिस्तसभेला जुना अनुभव आहे. पोप पॉल चौथे यांच्या कारकिर्दीत १५५९ साली निषिद्ध ग्रंथांची सूची प्रसिद्ध झाली. १९६६ साली तिचे कायद्याचे बळ संपले. सदसद्विवेकाची जबाबदारी मात्र वाचकाकडेच राहिली. ती पेलण्यास मुलाने कोठे शिकावे?

संत इग्नेशियस लोयोला यांचे उदाहरण येथे बोलके आहे. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत पायाला तोफगोळा लागून ते घरी अंथरुणाला खिळले. त्यांनी शूर सरदारांच्या कथा मागितल्या. घरात होती ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. ती वाचता वाचता त्यांच्या ध्यानी आले, की शौर्याची स्वप्ने रंगवताना मन सुखावते, पण नंतर कोरडे पडते. संतांच्या विचारांनी आलेला आनंद मात्र मागाहूनही टिकून राहतो. पुस्तके घराने पुरविली. पारख त्यांची स्वतःची होती.

मुलाच्या यादीचे सूत्रही हेच असावे. एका वहीत त्याने पुस्तकाचे नाव आणि ते का वाचावेसे वाटते हे लिहावे. वाचून आठ दिवस झाल्यावर मनात काय उरले, तेही लिहावे. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) आपण मातृभक्तीसाठी हाती देतो. मुलाला कदाचित पाण्यात उतरायला भिणारा श्यामच जवळचा वाटेल. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपण धर्मांतराची कहाणी म्हणून सुचवितो. मूल तिच्यातील खळाळत्या विनोदात रमेल. यात त्याची चूक नाही. या दोन्ही ग्रंथांचे थोरपण असे, की वाचक ज्या दाराने आत येतो तेथेच ते त्याला थांबवून ठेवीत नाहीत. लक्ष्मीबाईंबरोबर हसलेल्या वाचकालाच पुढे त्यांच्या ताटातुटीचे दुःख कळते.

कोणी म्हणेल, अशाने मुले हलकीफुलकी पुस्तकेच निवडतील. निवडू द्यावीत. अपायकारक पुस्तक दूर ठेवणे हे आईबापांचे कर्तव्यच आहे. पण निव्वळ उथळ पुस्तकाचा निकाल आठ दिवसांनंतरची कोरी जागाच लावील, आणि तो निकाल मुलाचा स्वतःचा असेल.

आपले काम वेगळे आहे. इग्नेशियसच्या घरात ती दोन पुस्तके होती, म्हणूनच ती त्यांच्या हाती पडली. आपल्या घरातील फळीवर काय आहे, हे आपण आज एकदा पाहावे.