हजेरीपटाच्या क्रमाने

स्नेहमेळाव्याची स्मरणिका कोणी वाचत नाही, चाळतात. आपलं पान काढायचं, शेजारच्या पानावरचं टक्कल बघून हसायचं, जाहिराती कोणी कोणी दिल्या ते बघायचं, संपलं. तेव्हाच्या औरंगाबादमधल्या आमच्या १९८७ च्या बी.एस्सी.च्या बॅचची स्मरणिका मी मात्र पहिल्या पानापासून वाचली, आणि ती वाचण्याच्या लायकीची निघाली. तिच्यात लिहिणाऱ्यांपैकी एकही जण लेखक नाही. संपादक मंडळात एक निवृत्त बँक मॅनेजर, एक औषध दुकानदार आणि जिल्हा परिषदेच्या शाळेच्या एक मुख्याध्यापिका.

साचा साधा आहे. प्रत्येकाला अर्धं पान. डावीकडे ओळखपत्रावरचा तेव्हाचा फोटो, उजवीकडे आत्ताचा. मधे रकाने : नाव, राहणार, शिक्षण, नोकरी-व्यवसाय, अपत्ये, आणि तळाशी ‘कॉलेजची एक आठवण’. अमेरिकेत हार्वर्डच्या बॅचेस दर पाच वर्षांनी असाच वृत्तान्त छापतात. बांधणीच्या रंगावरून त्याला ‘रेड बुक’ म्हणतात. तिथे माणूस ऐसपैस लिहितो म्हणे. आपल्याकडे छपाईचा खर्च वर्गणीतून भागवायचा, म्हणून अर्धं पान. साहित्याच्या दृष्टीनं हे फार बरं झालं.

संपादकांनी एकच धाडसाचा निर्णय घेतला, आणि सगळी गंमत त्यात आहे. पानं अकारविल्हे लावली नाहीत, हुद्द्याप्रमाणे तर नाहीच नाही. लावली ती रोल नंबरानं, हजेरीपटाच्या क्रमाने. त्यामुळे महसुलातला बडा अधिकारी आणि फुलंब्रीचा किराणा दुकानदार समोरासमोर येतात, कारण केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला दोघांचं टेबल एक होतं. अधिकाऱ्याच्या पानावर बदल्या, बढत्या, प्रशस्तिपत्रं. दुकानदाराच्या रकान्यात तीन शब्द : ‘किराणा, भुसार, उधारी’. तो तिसरा शब्द लिहायला विनोदबुद्धी लागते. समोरच्या अधिकाऱ्याचं पान त्यामुळे नकळत लांबलेलं वाटायला लागतं.

निवृत्ती हा या स्मरणिकेतला ठळक टप्पा. आणि निवृत्तीच्या तारखेत आपला मुलूख पकडता येतो. सरकारी नोकरीतल्या कितीतरी पानांवर एकच तारीख आहे : ३१ मे २०२४. परक्याला तो मुद्रणदोष वाटेल. खेड्यात पोराचं नाव शाळेत घालताना जन्माची नोंद नसली, की गुरुजी १ जून ठोकून द्यायचे. शाळा जूनला भरते, हिशेब सोपा. आणि ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. १९७२ च्या दुष्काळात गुरुजींनी केलेली सोय अशी बावन्न वर्षांनी फळाला आली : एकाच संध्याकाळी ठिकठिकाणच्या कचेऱ्यांत हार, शाल, श्रीफळ. सगळ्यांनी शब्दही एकच वापरलेत, ‘नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त’. आयुष्यभर आदेशांची भाषा लिहिली, ती घरच्या बातमीतही सुटली नाही. मी याला दोष देत नाही. आपल्याबद्दल बोलायचा संकोच झाकायला सरकारी मराठीइतकं जाड पांघरूण दुसरं नाही.

पांघरूण कुठे सरकतं ते मात्र बघण्यासारखं. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून राबलेल्या एका मित्राचं पान घ्या. नोकरीच्या रकान्यात त्यानं फक्त गावं लिहिलीत : पैठण, अंबड, परतूर, पाथरी, परभणी. पुढे काही नाही. ज्यानं जायकवाडीचा नकाशा पाहिलाय त्याच्या लक्षात येईल, ही बदल्यांची यादी म्हणजे डाव्या कालव्याचा प्रवास आहे. नाथसागरापासून निघालेला हा २०८ किलोमीटरचा कालवा ज्या क्रमाने जातो, त्याच क्रमाने हा माणूस खाली खाली सरकत गेला. हेडला पाणी मुबलक, तक्रारी कमी. जसजसं टेलकडे जावं तसतसं आवर्तन उशिरा, दारं फोडलेली, शेतकरी रात्री-बेरात्री दारात. म्हणजे नोकरी जितकी जुनी, तितकी अवघड जागा. हे तो कुठेही सांगत नाही, गावांचा क्रमच सांगतो. शेवटी ‘राहणार’च्या रकान्यात पत्त्याऐवजी वाक्य आहे : ‘मूळ गावी, टेलला. पाळी येते कधी कधी.’ कालव्यावर उभं आयुष्य काढलेला माणूस स्वतःच्या शेताच्या पाण्याबद्दल एवढंच बोलतो. वरिष्ठांवर टीका नाही, नशिबाला बोल नाही. ‘कधी कधी’ या दोन शब्दांत जायकवाडीचा सगळा हिशेब आला. अख्ख्या स्मरणिकेत मला सर्वांत आवडलेली ओळ हीच.

वर्गातल्या मुलींची पानं वेगळ्या तऱ्हेनं वाचावी लागतात. कंसात माहेरचं आडनाव, नाहीतर ओळखणार कोण? मग अपत्यांचा रकाना भरभरून : थोरला बंगळूरला, धाकटी कॅनडात, सून आयटीत, नातू दोन वर्षांचा. स्वतःसाठी उरते ती एक ओळ. मुलांचे टप्पे हेच आईचे टप्पे, असं जणू ठरूनच गेलंय. वडिलांच्या पानांवर मात्र तसं ठरलेलं दिसत नाही. एका बाईंनी हा साचा उलटवलाय. अपत्यांपुढे ‘दोघं, आपापल्या पायावर’ एवढंच, आणि शिक्षणाच्या रकान्यात बी.एस्सी.नंतर बऱ्याच वर्षांनी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून केलेलं एम.ए. मुलीची पदवी आणि आईची पदवी एकाच वर्षीची. त्या वर्षी घरात स्वयंपाक कोण करत होतं, हे त्यांनी लिहिलेलं नाही. मला विचारायचं होतं, पण मेळाव्यात बाई मुख्य टेबलाशी घोळक्यात होत्या.

मधल्या काही अर्ध्या पानांवर फोटो एकच आहे, डावीकडचा. त्यांचा मजकूर दुसऱ्या कोणीतरी लिहिलाय. इथे माझं एक मत पक्कं झालं : बॅचची बातमी ज्याची त्यानं सांगू नये, मित्रानं सांगावी. बहुतेकांनी ‘मनमिळाऊ’, ‘परोपकारी’, ‘हसतमुख’ ही श्रद्धांजलीची ठेवणीतली विशेषणं काढलीत आणि माणूस पुसून टाकलाय. एकानं तसं केलं नाही. त्यानं लिहिलंय की याचा डबा सिल्लोडच्या एसटीनं यायचा, ड्रायव्हरच्या मागे टांगलेला. गाडी लेट झाली की खोलीतले सगळेच उपाशी, कारण डबा एकाचा आणि जेवणारे चौघं. म्हणून एसटीचं वेळापत्रक चौघांनाही पाठ. आईनं पुढे भाकरी वाढवल्या, पण कधी विचारलं नाही की एवढ्या कुणाला लागतात. मग एकदम तारीख, आजाराचं नाव, घाटी रुग्णालयातला वॉर्ड, आणि थांबला. गेलेल्या मित्राला त्यानं एकही विशेषण लावलेलं नाही. लिहायला शिकणाऱ्यांना मी हा परिच्छेद वाचायला देईन.

आठवणींचे रकाने बरेचसे गोड आहेत, शब्दशः. गुलमंडीची इमरती, मकबऱ्यातली दुपार, अजिंठ्याची सहल आणि परतीला बंद पडलेली बस. एकानं ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेच्या तालमी दाराबाहेर उभं राहून पाहिल्याचं लिहिलंय. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही मंडळी तेव्हा याच शहरात नाटक करत होती. पुढे १९९१ साली त्यांचं ‘चारचौघी’ आलं आणि २०२२ मध्ये त्याच लेखक-दिग्दर्शकांनी ते नव्या संचात पुन्हा उभं केलं. दाराबाहेरचा आमचा मित्र विमा कंपनीत गेला, पण ती बातमी तो आपल्याच बॅचची असल्यासारखी सांगतो. शहर लहान असण्याचा हा एक फायदा.

आता खटकलेलं. ‘शिक्षण’ या रकान्यात कोणी ‘मराठवाडा विद्यापीठ’ लिहिलंय, कोणी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’. आमच्या पदव्या पहिल्या नावाच्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. विधिमंडळाचा नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा. त्या सोळा वर्षांत मराठवाड्यात घरं जळाली, माणसं मारली गेली, लाँग मार्च निघाला, आणि आमची तीन वर्षं त्या सोळांच्या ऐन मधली. इमरतीला चार आठवणी आणि याला एकही ओळ नाही. विसरले म्हणावं, तर एसटीचं वेळापत्रक कसं आठवतं? एकाच बाकावर बसणाऱ्यांना तेव्हा काय काय टाळून बोलावं लागत होतं, ते अजून टाळलं जातंय.

याच शहरात बॅचच्या बातम्यांची दुसरी एक रीत आहे. १९५० साली बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, भोवती नागसेनवन वसलं, आणि दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर गावोगावहून माणसं येतात. पुस्तकांचे स्टॉल, जलसे, भाषणं, आणि त्या गर्दीत तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे वर्गमित्र एकमेकांना हुडकून काढतात. उभ्या उभ्या खबरबात होते. तिथे मी ऐकलेली चौकशी आमच्या रकान्यांत बसणारी नव्हती. ‘कुठल्या पोस्टवरून रिटायर झालास?’ हा प्रश्न येतो, पण नंतर. आधी विचारतात, धाकट्या भावाचं शिक्षण पूर्ण झालं का, गावातून अजून कोणी आलं का शिकायला. बढतीपेक्षा घरातली पुढची पदवी मोठी बातमी ठरते.

संपादक मंडळ पुढच्या मेळाव्याच्या तयारीला लागलंय आणि त्यांनी सूचना मागवल्यात. माझी एकच आहे. ‘अपत्ये’च्या वर एक रकाना वाढवा : घरातले कितवे पदवीधर? कालवा निरीक्षक ‘पहिला’ लिहील. महसुलातला अधिकारीही ‘पहिलाच’ लिहील, आणि उधारीवाला दुकानदारही. तिघांच्याही वडिलांचे अंगठे मी प्रवेश अर्जांवर पाहिलेत. काही जण ‘तिसरे’, ‘चौथे’ लिहितील, त्यांच्या आजोबांच्या पदव्या उस्मानिया विद्यापीठाच्या निघतील. रोल नंबर मात्र तेच ठेवा. आणि कागद थोडा बरा वापरा, या खेपेला मागच्या पानाची शाई पुढे उमटलीय.