दत्तकपुत्राची ओवी

फादर थॉमस स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’चा विषय निघाला की आपले बोलणे बहुधा त्यातील मराठीच्या स्तुतीपाशीच थांबते. स्वभाषेची स्तुती कोणास गोड लागणार नाही? परंतु सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ भाषेच्या गौरवासाठी रचलेला नाही. ख्रिस्त हा देवाचा पुत्र आणि त्याच्या योगे श्रद्धावंतही देवाचे पुत्र होतात, हे सांगण्यासाठी तो रचला गेला. या अंगाने त्याचा विचार आपण पेडणे-डिचोलीच्या वाचकांनी क्वचितच केला आहे.

पुराणश्रवणात वाढलेल्या कानाला ‘देवपुत्र’ हा शब्द अवघड नाही. तो फार सोपा वाटतो, आणि अडचण तीच आहे. गणपती व कार्तिकेय शिवाचे पुत्र, राम व कृष्ण विष्णूचे अवतार. ख्रिस्ती सिद्धान्त या दोन्हींत बसत नाही. इ. स. 325 मध्ये निकेआच्या धर्मपरिषदेने निश्चित केले की पुत्र हा पित्यापासून जन्मलेला आहे, निर्माण केलेला नव्हे. तो पित्याशी एकतत्त्व आहे. असा पुत्र एकच. मग इतरांचे पुत्रत्व कोणते? संत पौलाने आपल्या पत्रांत यासाठी दत्तविधानाची कल्पना योजिली, आणि मराठी बायबलानेही ‘दत्तकपण’ हाच शब्द स्वीकारला. श्रद्धावंत हा कृपेने दत्तक घेतलेला पुत्र; म्हणून तो वारस, आणि म्हणूनच देवाला ‘अब्बा’ अशी हाक मारण्याचा त्याला अधिकार.

वारकऱ्याचे नाते निराळे आहे. विठ्ठल माउली आहे आणि भक्त तिचे लेकरू; तेथे विधी नाही, नाते ओळखायचे एवढेच. दत्तकाचा अर्थ मात्र आपल्या जुन्या घराण्यांना नव्याने सांगावयास नको. दत्तक गेलेल्याला नवे घर मिळते, नवे गोत्र मिळते. पण जन्मघराचे गोत्र सुटते.

गोव्यात हे रूपक शब्दशः घडले. आईबाप व आजाआजी नसलेल्या हिंदू मुलांना जेझुइटांच्या स्वाधीन करावे, असा राजाचा हुकूम 1559 मध्ये निघाला. बाप्तिस्म्याबरोबर नाव पालटे, आडनावही पालटे. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोली महालातील नार्वे येथे आला तो याच शतकात. 1668 मध्ये शिवछत्रपतींनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आपला प्रदेश पोर्तुगीज अमलाखाली आला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणून ते दत्तविधान आपण नदीच्या ऐलतीरावरून पाहिले.

स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आला, साष्टीत राहिला आणि 1616 मध्ये त्याचे पुराण राशोल येथे छापले गेले. दत्तक जाणाऱ्याची संमती होती काय, हा प्रश्न तो विचारीत नाही. ही ग्रंथाची मर्यादा आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. पण ग्रंथाच्या प्रारंभीचा प्रसंग लक्षात घ्यावा. एक नवख्रिस्ती पाद्रीला म्हणतो की आमची पूर्वीची पुराणे बंद झाली, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण द्यावे. माझ्या मते सबंध ग्रंथाचे मर्म येथे आहे. नव्या घरात आलेला मुलगा जन्मघरचा सूर मागतो आहे, आणि स्टीफन्स तो नाकारीत नाही. ओवी देतो, पुराणाची बैठक देतो, स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणतो. सिद्धान्त गोत्र पालटण्यास सांगतो; छंद मात्र आईचा राहू देतो. पितृगृह बदलले तरी मातृभाषा सोबत येऊ शकते, हे या पुराणाने आशयातून नव्हे, रूपातून सिद्ध केले.

राज्यकर्त्यांना एवढेही मानवले नाही. 1684 मध्ये व्हाइसरॉयने तीन वर्षांत देशी भाषा सोडण्याचा हुकूम काढला. तरीही पुराणाच्या हस्तलिखित प्रती ख्रिस्ती घरांतून जपल्या गेल्या, आणि त्यांच्याच आधारे 1907 मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळुरास ते पुन्हा छापले.

एकनाथी भागवताशेजारी हा ग्रंथ ठेवण्यास आपण अजून संकोचतो. त्यातील सिद्धान्त आपला नसेल, आणि त्यामागील बळजोरी विसरावी असेही नाही. परंतु घर सुटलेल्या मुलाने आईची ओवी जपून ठेवली असेल, तर त्याला परका म्हणण्याचा अधिकार ऐलतीरावरच्या भावंडांना उरत नाही.