कॉटेजसोबत काय काय जपलं जातं?

अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर ओक ब्लफ्स नावाचं गाव आहे. कृष्णवर्णीय कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथं उन्हाळ्याच्या सुट्टीला येतात. एकेकाळी अनेक हॉटेलं त्यांना दारातूनच परत पाठवायची. अशा काळात इथलं स्वतःचं कॉटेज म्हणजे नुसती चैन नव्हती. ते विकायचं नाही, हा हट्ट म्हणूनच समजतो.

डोरोथी वेस्ट यांची १९९५ची कादंबरी ‘द वेडिंग’ या हट्टाची दुसरी बाजू दाखवते. काळ १९५३चा. ‘ओव्हल’ या उच्चभ्रू वसाहतीत कॉटेजबरोबर रंग आणि घराण्याची उतरंडही वारशात मिळते. भाड्यानं राहायला आलेल्या ल्यूट मॅकनीलकडे पैसा आहे, मान नाही. वेस्ट स्वतः ओक ब्लफ्सच्या रहिवासी, त्यामुळे बारकावे अचूक उतरतात.

माझी तक्रार ल्यूटबद्दल आहे. तो इतका हिंसक रंगवलाय की त्याला बाहेर ठेवणारे आपोआप बरोबर ठरतात. तो साधा, भला माणूस असता तर ओव्हलनं त्याला आत घेतलं असतं का? खरा अवघड प्रश्न हाच होता, आणि कादंबरी तो टाळते.

तरीही वाचाच. गावाकडचं घर ठेवायचं की विकायचं, यावर तुमच्या घरात वाद चालू असेल तर नक्कीच.