उपआज्ञा आणि त्रुटिसंदेश : ‘गिट’च्या भाषेचा एक परामर्श

संगणकास टंकलिखित आज्ञा देऊन त्याच्याकडून काम करवून घेण्याची रीत चित्रखुणांच्या आणि स्पर्शपडद्यांच्या काळातही मागे पडलेली नाही. बोलींची लिप्यंतरे, शब्दसंग्रह, व्याकरणिक खुणा केलेली वाक्ये असे साहित्य आज भाषाविज्ञानाचे अभ्यासक साध्या मजकूर-फाइलींत ठेवतात, आणि त्यात वेळोवेळी झालेल्या फेरफारांची नोंद राखण्यासाठी ‘गिट’ या आज्ञावलीचा आश्रय घेतात. या व्यवहाराला दोन बाजू आहेत. माणूस यंत्राला आज्ञा देतो ही एक, आणि आज्ञा चुकली असता यंत्र माणसाला उत्तर देते ही दुसरी. पहिल्या बाजूचे विवेचन करणारे ग्रंथ विपुल आहेत. दुसऱ्या बाजूकडे मात्र भाषेचा प्रश्न म्हणून क्वचितच पाहिले जाते. प्रस्तुत लेखात तसे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

गिटची निर्मिती लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या विकासकार्यासाठी केली. तिच्या आज्ञेची रचना ठराविक आहे. पहिला शब्द आज्ञावलीचे नाव, दुसरा उपआज्ञा, आणि त्यापुढे पर्याय व फाइलींची किंवा शाखांची नावे. उपआज्ञा हे या वाक्याचे क्रियापद होय. आरंभी ही दोन्ही पदे संयोगचिन्हाने जोडून एकच शब्द म्हणून लिहिली जात. २००८ मधील १.६.० या आवृत्तीपासून जोडशब्दाचा हा प्रघात सामान्य वापरातून काढून टाकण्यात आला. समासाचा विग्रह झाला आणि क्रियापद मोकळे झाले, असे म्हणावयास हरकत नाही. आज अशी शंभराहून अधिक क्रियापदे एकाच नावाखाली नांदत आहेत, आणि प्रत्येकाचा पर्यायांचा संसार वेगळा आहे. चुका होतात त्या येथेच.

चूक कोणत्या जातीची, हे ठरविण्यासाठी आपल्या शास्त्रपरंपरेने सिद्ध केलेले एक साधन येथे उपयोगी पडते. वाक्यापासून अर्थबोध होण्यास आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन गोष्टी अवश्य मानल्या आहेत. एका पदाला दुसऱ्या पदाची अपेक्षा असणे ही आकांक्षा. पदार्थांचा परस्परसंबंध बाधित नसणे ही योग्यता. आणि पदे योग्य सान्निध्यात उच्चारली जाणे हा संनिधी. अग्नीने शिंपावे असे म्हटल्यास व्याकरण चुकत नाही, योग्यता चुकते, हे उदाहरण प्रसिद्ध आहे. आज्ञेत चुका होतात त्याही याच तीन प्रकारच्या, आणि त्यांच्या आधीची चौथी म्हणजे पदच अस्तित्वात नसणे. त्रुटिसंदेशाचे पहिले कर्तव्य असे की, यांपैकी नेमके काय बिघडले ते त्याने सांगावे.

अज्ञात पदाच्या बाबतीत गिटची कामगिरी उत्तम आहे. ‘कमिट’ या उपआज्ञेतील एक ‘एम’ गाळून पाहावा. अशी उपआज्ञा नाही असे गिट सांगते आणि तिच्याशी सर्वाधिक साम्य असलेली उपआज्ञा ‘कमिट’ ही आहे, हेही पुढे दाखविते. या साम्याचे गणित डॅमेरो यांच्या १९६४ च्या आणि लेव्हेन्श्टाइन यांच्या १९६५ च्या विचारावर आधारलेले आहे : एक अक्षर गाळणे, घालणे, बदलणे, किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल होणे, अशा किती क्रियांनी एका शब्दाचा दुसरा होतो ते मोजावयाचे. विशेष हे की गिट केवळ सुचविते. आपण होऊन सुधारित आज्ञा अमलात आणीत नाही. तशी मुभा वापरणाऱ्याने मुद्दाम दिली तरच ते घडते. ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याचा आशय ओळखावा, पण त्याच्या वतीने निर्णय करू नये, ही मर्यादा येथे उचित रीतीने पाळली आहे.

आता हेच सौजन्य उपआज्ञेच्या पुढे कितपत टिकते ते पाहू. ‘कमिट’चा ‘अमेंड’ हा पर्याय लिहिताना दोन अक्षरे उलटसुलट झाली, तर असा पर्याय अज्ञात आहे अशी एक ओळ येते आणि तिच्यापाठोपाठ ‘कमिट’च्या वापराचे संपूर्ण कोष्टक उलगडते. त्याच्या ओळी चाळीसहून अधिक भरतात. चोवीस ओळींच्या परंपरागत टर्मिनलवर याचा परिणाम असा होतो की, चूक सांगणारी एकमेव ओळ वर सरकून दृष्टीआड जाते आणि न विचारलेली माहिती तेवढी समोर उरते. विद्यार्थ्याने एका शब्दाचे लेखन विचारावे आणि गुरुजींनी त्याच्यापुढे कोशाचे पान वाचावयास घ्यावे, तसा हा प्रकार आहे. पुन्हा, हीच चूक ‘लॉग’ या उपआज्ञेत केली असता कोष्टक येत नाही. ‘न ओळखलेला घटक’ एवढेच सांगून गिट थांबते. एका भाषेत एकाच दोषाला दोन नावे आणि दोन उपचार असणे, हे त्या भाषेचे व्याकरण अनेक हातांनी लिहिले गेल्याचे लक्षण होय. गिटच्या बाबतीत ते खरेही आहे. दुरुस्ती अशक्य मात्र नाही. रस्ट भाषेच्या ‘कार्गो’ या साधनात ‘रिलीज’ हा पर्याय चुकीचा लिहिल्यास अनपेक्षित घटक कोणता, त्याच्यासारखा खरा पर्याय कोणता, त्या उपआज्ञेची वापर-ओळ कशी, आणि अधिक माहिती कोठे, इतके थोडक्यात सांगून उत्तर संपते. पदाच्या बाबतीत गिट जे करते तेच येथे पर्यायाच्या बाबतीतही केले आहे.

आकांक्षेचा दोष गिट सामान्यतः बरा ओळखते. ‘क्लोन’ ही उपआज्ञा एकटीच लिहिल्यास, कशाची प्रत करावयाची ते सांगणे आवश्यक आहे, असे स्पष्ट उत्तर मिळते. त्यामागून कोष्टक येते, ते मात्र पुन्हा अनावश्यक. संनिधीचा दोष याहून सूक्ष्म आहे. उपआज्ञेच्या आधी लिहिलेले कॅपिटल ‘सी’ अमुक फोल्डरात जाऊन काम करावे असे सांगते. ‘कमिट’च्या नंतर लिहिलेले तेच अक्षर जुन्या नोंदीचा मजकूर पुन्हा वापरावा असे सांगते. ‘पी’ या अक्षराचा अर्थही ‘लॉग’च्या आधी पानापानाने दाखविणे असा, तर नंतर प्रत्यक्ष फेरफार दाखविणे असा होतो. स्थानावरून अर्थ बदलणे हे भाषेत निषिद्ध नाही. परंतु फोल्डराचे नाव ‘कमिट’च्या नंतर पडले असता, त्या नावाची नोंद सापडत नाही एवढेच उत्तर मिळते. पदे सर्व बरोबर आहेत, जागा तेवढी चुकली आहे, हे ज्याला सांगावयास हवे त्यालाच ते सांगितले जात नाही.

सर्वांत बोधप्रद उदाहरण योग्यतेचे आहे. ‘चेकआउट’ या एका क्रियापदावर दीर्घकाळ दोन अर्थांचा भार होता : एका शाखेवरून दुसरीवर जाणे, आणि फाइल पूर्वस्थितीला आणणे. दुसऱ्या अर्थी फाइलीतील न नोंदलेले काम नष्ट होते. पहिला अर्थ त्या मानाने निरुपद्रवी आहे. अस्तित्वात नसलेल्या शाखेचे नाव ‘चेकआउट’ला दिले, तर हा नमुना गिटला ज्ञात असलेल्या कोणत्याही फाइलीशी जुळत नाही, असे उत्तर येते. विचारणारा शाखेविषयी बोलत असतो, उत्तर फाइलीविषयी मिळते. यात संदेशलेखकाचा दोष नाही. क्रियापदच द्व्यर्थी असल्यामुळे यंत्राला वक्त्याचा हेतू कळण्यास मार्ग नव्हता. २०१९ मधील २.२३ या आवृत्तीत ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ अशी दोन क्रियापदे वेगळी करण्यात आली. आज त्याच चुकीच्या नावाला ‘स्विच’ असे उत्तर देते की, हा संदर्भ अवैध आहे. ‘संदर्भ’ हा शब्द नवशिक्याला पुरेसा सुगम नाही. परंतु उत्तर निदान प्रश्नाच्या विषयावर आले.

या उदाहरणावरून निघणारा निष्कर्ष हाच या लेखाचा मुख्य प्रतिपाद्य विषय होय. त्रुटिसंदेश सुधारणे म्हणजे शेवटच्या वाक्यावर भाषेचा मुलामा देणे नव्हे. क्रियापदाचा अर्थ निश्चित असेल तरच दोषाचे निदान निश्चित होऊ शकते. वाईट संदेश हा पुष्कळदा वाईट व्याकरणाचा पुरावा असतो, आणि म्हणूनच तो लपविण्यापेक्षा वाचण्यासारखा असतो.

शब्दयोजनेविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. नोंदीसाठी निवडून ठेवलेल्या फेरफारांच्या जागेला गिटमध्ये ‘इंडेक्स’ म्हणतात. ‘डिफ’ या उपआज्ञेत तीच गोष्ट ‘कॅश्ड’ आणि ‘स्टेज्ड’ अशा दोन पर्यायांनी मागता येते. समानार्थी शब्द काव्यात वैभव ठरतात, शास्त्रात दोष ठरतात. तसाच ‘फेटल’ हा शब्द. चालू फोल्डर गिटच्या नोंदीखाली नाही, एवढी साधी गोष्टही या शब्दाने सुरू होते. गिटच्या दृष्टीने त्याचा अर्थ ‘पुढे जाता येत नाही’ इतकाच आहे; परंतु आठवडाभर खपून तयार केलेले लिप्यंतर ज्या विद्यार्थिनीने नुकतेच फाइलीत उतरविले आहे, ती या शब्दाचा कोशातील अर्थ घेते आणि आपले काम गेले असे समजते. संदेशाने तिला आधी हे सांगितले पाहिजे की तिचे काही नष्ट झालेले नाही. उलटपक्षी ‘स्टेटस’ ही उपआज्ञा प्रत्येक स्थितीखाली पुढची आज्ञा कंसात देते, आणि दूरच्या कोठाराशी न जोडलेली शाखा ‘पुश’ करू पाहिल्यास पूर्ण आज्ञाच लिहून मिळते. अशा ठिकाणी गिट शिक्षकाचे काम करते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

येथे एक आक्षेप संभवतो. जाणत्याला विस्तार नको असतो. युनिक्सची परंपरा मितभाषी आहे. ‘एड’ हा तिचा जुना संपादक चूक झाली की केवळ एक प्रश्नचिन्ह छापीत असे. आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच चाळीस ओळींचे कोष्टक त्याज्य ठरते. परंतु मितभाषण आणि मौन एक नव्हेत. सूत्रकाराने अक्षरे वाचविली ती अर्थ न गमावता. आणखी असे म्हणतात की, इतर आज्ञावल्या हे संदेश वाचतात, म्हणून ते बदलू नयेत. पण यंत्रासाठी समाप्ति-अंकाची योजना आहेच : वापराच्या चुकीला गिट १२९ हा अंक परत देते. यंत्राने अंक वाचावा. वाक्य माणसासाठी मोकळे असावे.

अखेरीस मराठीचा प्रश्न. गिटचे संदेश भाषांतरासाठी खुले आहेत, आणि कोणी मराठी अभ्यासक ते काम हाती घेईल तेव्हा त्याला पहिली अडचण विभक्तीची येईल. इंग्रजी संदेशात फाइलीचे नाव रिकाम्या जागी जसेच्या तसे बसते. मराठीत प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप व्हावे लागते, क्रियापदाला लिंग व वचन हवे असते, आणि आयत्या वेळी येणाऱ्या नावाचे यांपैकी काहीच आगाऊ ठाऊक नसते. उपाय भाषेतच आहे. नावापुढे ‘ही फाइल’, ‘या शाखेला’, ‘या उपआज्ञेत’ असे सामान्यनाम ठेवावे. प्रत्यय आणि लिंग ते वाहून नेईल. यातून एक अनपेक्षित लाभ होईल. फाइल की शाखा, हे न ठरविता मराठी वाक्य पुरेच होणार नाही, आणि मूळ संदेशाने जे संदिग्ध ठेवले ते भाषांतरकाराला विचारावेच लागेल. तो प्रश्न त्याने मूळ कर्त्यांपर्यंत पोहोचवावा. मराठी संदेश त्यामुळे मिळेल तेव्हा मिळेल. इंग्रजी संदेश तरी त्याआधी नेमका होईल.